संगीतशैली एकमेकींत मिसळतात त्या कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन शैली मिसळल्या असं म्हणतो, तेव्हा नेमकं काय मिसळलेलं असतं?

प्रत्येक वेळी वेगळं. कधी नुसतं वाद्य येतं, कधी ठेका, कधी रचनेचा साचा, तर कधी आवाज लावण्याची रीत. ही सगळी मंडळी एकाच गाडीने प्रवास करत नाहीत. म्हणूनच ‘या संगीतावर त्या संगीताचा प्रभाव आहे’ हे वाक्य खरं असलं तरी त्यातून फारसं काही कळत नाही. प्रभाव कुठल्या थरावर पडला, हे विचारलं की गोष्ट उलगडायला लागते.

ढोबळमानाने सांगायचं तर वाद्य सगळ्यात आधी सीमा ओलांडतं आणि लय त्याच्या मागोमाग जाते. स्वरव्यवस्था मात्र शेवटपर्यंत अडून बसते. सप्तकात कुठले स्वर घ्यायचे, त्यांच्यात अंतर किती, कुठला स्वर स्थिर ठेवायचा आणि कुठला आंदोलित करायचा, हे कानात लहानपणापासून मुरलेलं असतं. हातात परकं वाद्य आलं तरी माणूस त्यावर आपलेच स्वर शोधायला लागतो. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या शोधात आहे.

परकं वाद्य आपलं कसं होतं?

कर्नाटक संगीतातलं व्हायोलिन हे मला याचं सर्वांत सुंदर उदाहरण वाटतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मद्रासमध्ये युरोपियन व्हायोलिन ऐकू येऊ लागलं होतं. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनी ते एका युरोपियन वादकाकडून शिकून घेतलं आणि आपल्या संगीतात आणलं. लाकूड, तारा, गज सगळं तेच राहिलं. बदलली ती वाजवण्याची रीत. वादक जमिनीवर मांडी घालून बसला आणि वाद्याचं टोक त्याच्या उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलं. त्यामुळे डाव्या हातावरचा वाद्य सांभाळण्याचा भार गेला आणि बोटं तारेवर लांबवर घसरायला मोकळी झाली. तारा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा लावल्या जाऊ लागल्या. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे गळ्यातून निघणारं प्रत्येक गमक, म्हणजे सुराचं प्रत्येक आंदोलन, त्यावर उमटू शकतं. आज कर्नाटक गायनाच्या मैफलीत साथीला व्हायोलिन नसेल तरच नवल.

याच कुटुंबात त्याच काळात आणखी एक प्रयोग झाला. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी युरोपियन चालींवर संस्कृत पदं रचली. ‘नोट्टुस्वर’ म्हणून ती ओळखली जातात आणि त्यातलं एक पद ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. ती गोड आहेत, आजही गायली जातात, पण परंपरेच्या एका कोपऱ्यातच राहिली. व्हायोलिन मात्र गाभ्यात जाऊन बसलं. त्या चाली जशाच्या तशा आल्या होत्या, त्यांनी कर्नाटक संगीताची कुठलीही गरज भागवली नव्हती. गळ्याची सावलीसारखी साथ करणारं, सूर लांबवू शकणारं वाद्य मात्र हवंच होतं. घेणाऱ्याची गरज भागली की उसनी वस्तू घरची होते, असं मला यावरून ठाम वाटतं.

मग हार्मोनियमबद्दल एवढा वाद का झाला? तीही बाहेरूनच आली होती.

कारण तिने गरज भागवली आणि त्याच वेळी स्वरव्यवस्थेलाही हात घातला.

अलेक्सांद्र दबँ यांनी पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारण्याची, खुर्चीवर बसून वाजवण्याची होती. भारतात आल्यावर कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी ती हाताने भाता मारण्याजोगी केली. वादक खाली बसला, एका हाताने भाता आणि दुसऱ्याने सूर. ती तानपुऱ्यासारखी पुन्हापुन्हा मिळवावी लागत नव्हती, आवाज मोठा होता आणि गायकाच्या मागे धावायला ती चपळ होती.

पण तिचे स्वर ठोकून बसवलेले. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग मानले, तर तानपुऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार सुमारे ३८६ वर येतो. समान अंतराच्या बारा स्वरांत तो ४०० वर असतो. चौदा भागांचा हा फरक तयार कानाला खुपतो. शिवाय एका स्वरातून दुसऱ्यात मींड घेऊन, म्हणजे न तुटता सरकत, जाणं पेटीवर शक्यच नाही. या आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती अंशतः उठायला १९७१ उजाडलं. मधल्या तीन दशकांत भजन, कव्वाली आणि ख्यालाच्या मैफलींत पेटी वाजतच राहिली.

माझ्या मते आक्षेप घेणारे चुकले नव्हते. पेटीवर मींड निघत नाही हे आजही तितकंच खरं आहे. पण वादकांनी त्यावरही वाट काढली. जिथे पेटी जाऊ शकत नाही तिथे ती थांबते, सुराला हलका स्पर्श करून बाजूला होते आणि गायकाला जागा देते. मर्यादेतून साथीची एक वेगळी समज तयार झाली. हेही मिसळणंच आहे.

ताल एका संस्कृतीतून दुसरीत कसा जातो?

पायांतून. लिहिलेल्या स्वरलिपीपेक्षा नाच कितीतरी वेगाने पसरतो.

एक प्रयोग करून पाहा. आठ मात्रा सारख्या गतीने मोजा आणि पहिली, चौथी, सातवी या मात्रांवर टाळी द्या : तीन, तीन, दोन. हा आकृतिबंध आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर कॅरिबियन बेटांवर गेला. क्युबात तो युरोपियन समूहनृत्याच्या संगीतात शिरला आणि हाबानेरा तयार झाला. तिथून तो ब्यूनोस आयर्समध्ये टँगोच्या जडणघडणीत उतरला आणि न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझमध्ये. अमेरिकन संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१४ च्या आपल्या प्रसिद्ध ब्लूजमध्ये एक भाग हाबानेराच्या ठेक्यावर बांधला. जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टन तर जॅझमध्ये स्पॅनिश रंगाची छटा हवीच, असं सांगत असत.

त्याच आकृतिबंधाचा थोरला भाऊ म्हणजे क्युबातल्या सोन संगीताचा क्लावे : सोळा मात्रांत पाच आघात, पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. दोन लाकडी दांड्यांवर वाजणारा हा आकृतिबंध सगळ्या वादकांना बांधून ठेवतो. सुरावट, बास, पियानो यांनी आपापल्या जागा त्याच्याकडे बघून ठरवायच्या. आपल्याकडे लेहरा, म्हणजे ताल मोजायला पुन्हापुन्हा वाजवली जाणारी सुरावट, चालू असताना तबलजी जसा मनाने समेला धरून असतो, तसं क्युबन वादकाचं क्लावेशी नातं असतं. एक फरक मात्र आहे. समेवर सगळे एकत्र येतात, तर क्लावेचे बरेचसे आघात ठोक्याच्या आगेमागे पडतात आणि त्या ओढाताणीतच नाचाची ऊर्मी असते. ठेका ‘घेतला’ असं म्हणणाऱ्या अनेकांचे आघात बरोबर असतात, ही ओढ मात्र त्यांच्याकडून सुटते.

गेलेलं संगीत परत येतं का?

येतं, आणि ओळखू येणार नाही इतकं बदलून येतं. या सगळ्या विषयातला हा मला सर्वांत प्रिय भाग आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

काँगो नदीच्या खोऱ्यातून पळवून नेलेली माणसं क्युबात पोहोचली. त्यांच्या लयी, स्पॅनिश गिटार आणि स्पॅनिश पदरचना यांतून सोन आणि रुंबा घडले. १९३० च्या दशकापासून या संगीताच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आफ्रिकेत विकल्या जाऊ लागल्या. काँगो नदीच्या दोन काठांवरच्या लिओपोल्डव्हिल (आजचं किन्शासा) आणि ब्राझाव्हिल या शहरांत लोकांना ते ऐकताच आपलं वाटलं. आधी त्यांनी नक्कल केली. मग शब्द लिंगाला भाषेत आले. मग पियानोचे तुकडे गिटारवर उतरले, एकाची दोन आणि दोनाच्या तीन गिटारी झाल्या आणि त्या एकमेकींत विणल्या जाऊ लागल्या. १९६० मध्ये बेल्जियन काँगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी ब्रुसेल्समध्ये चालू असताना जोसेफ काबासेले यांच्या ‘आफ्रिकन जॅझ’ वाद्यवृंदाने स्वातंत्र्याचं गाणं बसवलं, तेही क्युबन चा-चा-चाच्या ठेक्यावर. २०२१ मध्ये युनेस्कोने काँगोली रुंबा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

प्रवास तिथेही थांबला नाही. काँगोच्या तबकड्या कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर पोहोचल्या, कार्ताहेनाच्या वस्त्यांत मोठमोठ्या स्पीकरवर वाजल्या आणि त्यातून चाम्पेता ही शैली उभी राहिली. आफ्रिका, क्युबा, पुन्हा आफ्रिका आणि पुन्हा अमेरिका खंड. यातला कुठला थांबा ‘मूळ’ म्हणायचा?

दुसरी गोष्ट जमैकाची. तिथल्या साउंड सिस्टिमवाल्यांनी, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाचासाठी तबकड्या वाजवणाऱ्यांनी, अमेरिकेतल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजवल्या, त्या आवडीतून आणि मेंटो या स्थानिक लोकसंगीतातून स्का आणि पुढे रेगे घडलं. मग किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल हा मुलगा न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये राहायला गेला. ‘डीजे कूल हर्क’ या नावाने त्याने ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका पार्टीत तबकड्या वाजवल्या. दोन टर्नटेबलवर एकाच तबकडीच्या दोन प्रती ठेवून गाण्यातला नुसता तालाचा तुकडा तो लांबवत असे. हिप-हॉपची सुरुवात त्या पार्टीपासून मोजली जाते.

तिसरी गोष्ट तुर्की फौजेची. ऑटोमन सुलतानाच्या जानिसारी या खास फौजेच्या मेहतर बँडचे मोठे ढोल आणि झांजा अठराव्या शतकात युरोपच्या लष्करी बँडमध्ये गेल्या आणि तिथून मोझार्ट, हायडन, बेथोव्हेन यांच्या रचनांत. १८२६ मध्ये सुलतान दुसरा महमूद याने जानिसारी फौजच मोडीत काढली, तिच्याबरोबर मेहतरही गेला. नव्या फौजेसाठी १८२८ मध्ये युरोपियन पद्धतीचा बँड उभा करायला इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती यांना बोलावण्यात आलं. ज्या युरोपियन बँडमध्ये तुर्की ढोल शिरला होता, तोच बँड इस्तंबूलला आधुनिकतेची खूण म्हणून आणला गेला.

म्हणजे ‘शुद्ध’ शैली असं काही नसतंच?

इतिहास म्हणून नसतं. आंदालुसियाच्या फ्लामेंकोकडे स्पेनची ओळख म्हणून बघितलं जातं. त्यात रोमा लोकांचं गाणं आहे, अरब काळाचा वारसा आहे आणि समुद्रापलीकडून परतलेल्या चालींचा एक वेगळा गटही आहे. आज फ्लामेंकोच्या रंगमंचावर दिसणारी लाकडी पेटी, काहोन, मूळची पेरूतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची. ती गिटारवादक पाको दे लुसिया यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणली. तरुण श्रोत्यांना ती कायमच तिथे होती असं वाटतं.

पण शिस्त म्हणून शुद्धतेला अर्थ आहे. रागात वर्ज्य स्वर लागला की गुरू थांबवतात, ते बरोबरच आहे. तो आग्रह नसेल तर रागाला चेहराच राहणार नाही. गोंधळ होतो तो या शिस्तीला इतिहास समजल्यामुळे, म्हणजे ‘आमच्याकडे नियम कडक आहेत, म्हणून आमच्याकडे कधी काही बाहेरून आलंच नाही’ असं मानल्यामुळे.

हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतात देवाणघेवाण झाली का?

भरपूर, आणि दोन्ही दिशांनी. हंसध्वनी हा राग मुत्तुस्वामींचे वडील रामस्वामी दीक्षितर यांच्या नावावर आहे. तो भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांच्यामार्फत उत्तरेत रुजला. किरवाणी, चारुकेशी, आभोगी हेही दक्षिणेकडून आले. अब्दुल करीम खाँ यांच्या सरगम घेण्यावर कर्नाटक गायनाची छाप होती. उलट दिशेने देस, बिहाग, जयजयवंती दक्षिणेत गेले. मुत्तुस्वामी दीक्षितर तरुणपणी काशीत राहिले होते आणि तिथे कानावर पडलेलं त्यांच्या रचनांच्या संथ, भारदस्त चालीत जाणवतं.

मराठी वाचकाने तंजावरची गोष्ट आवर्जून ऐकावी. १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. त्यांच्याबरोबर मराठी कीर्तन तमिळ देशात गेलं. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतर यांनी या कीर्तनाचा ढाचा आणि कर्नाटक संगीत एकत्र आणून तमिळ हरिकथेला रूप दिलं. त्यामुळे साकी, दिंडी, ओवी, अभंग हे रचनाप्रकार तमिळ हरिकथेत ठाण मांडून बसले. याच दरबारात दुसरे सरफोजी राजे पाश्चात्त्य संगीतही ऐकत होते. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि युरोपियन संगीत एका वाड्यात नांदत होतं, आणि कुणी त्याला फ्यूजन म्हटलं नाही.

हे मिसळणं नेहमी आवडीने, प्रेमाने होतं का?

नाही. जगाच्या संगीतातल्या सर्वांत मोठ्या सरमिसळी गुलामीच्या जहाजांमुळे झाल्या आहेत, हे विसरून हा विषय बोलूच नये.

साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये गुलामांचं बंड झालं आणि पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांना ढोल, शिंगं वाजवायला मनाई झाली. ढोलातून निरोप जातात, ही मालकांची भीती. लय मग हातांत, मांड्यांवर, पायांच्या आघातांत गेली. त्रिनिदादमध्ये ब्रिटिशांनी १८८० च्या दशकात ढोलांवर निर्बंध आणले. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, मग डबे, पत्रे, गाड्यांचे भाग आले आणि शेवटी तेलाच्या पिंपांचे तळ ठोकून त्यातून सूर काढले. स्टीलपॅन हे वाद्य असं जन्मलं. १९५१ मध्ये त्रिनिदादचा स्टील बँड लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजला.

त्याच बेटावर १८४५ पासून भारतातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर नेले गेले. त्यांच्या ढोलक, धनताल आणि भोजपुरी गाण्यांतून चटणी संगीत घडलं. १९७० च्या दशकात लॉर्ड शॉर्टी यांनी भारतीय ताल कॅलिप्सो या तिथल्या गाण्याच्या शैलीत गुंफले आणि सोका ही शैली पुढे आली. शेजारी राहणाऱ्या दोन पिळलेल्या समाजांनी एकमेकांची लय उचलली.

प्रेरणा कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते?

सुरावटीत ही सीमा शोधू नका, ती नावात आणि पैशात सापडते.

दक्षिण आफ्रिकेतले झुलू गायक सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये आपल्या गटाबरोबर ‘म्बुबे’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. हक्क अगदी किरकोळ रकमेला गेले. गाणं अमेरिकेत पोहोचलं, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका रूपात आणि १९६१ मध्ये नव्या इंग्रजी शब्दांसह दुसऱ्या रूपात जगभर गाजलं, पुढे चित्रपटांतही आलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारले. त्यांच्या वारसांना न्याय्य तडजोड मिळायला २००६ साल उजाडलं. अमेरिकन गायकांना ते गाणं मनापासून आवडलं होतं, यात मला शंका नाही. पण आवडलं म्हणून हिशेब चुकता होत नाही.

दुसरं उदाहरण मला अधिक अस्वस्थ करतं. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर अफुनाक्वा नावाच्या स्त्रीने गायलेलं अंगाईगीत संशोधक ह्यूगो झेम्प यांनी १९७० मध्ये मुद्रित केलं. १९९२ मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीने तिचा आवाज इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर ठेवून जगभर लोकप्रिय केला. पुढे यान गार्बारेक या नॉर्वेजियन सॅक्सोफोनवादकाने तीच चाल वाजवली, तेव्हा शीर्षकात ती मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांची अंगाई ठरली. गाणारी बाई, तिचं बेट, तिचा समाज, सगळं गळून पडलं. उरलं ते फक्त ‘दूरच्या जंगलातलं काहीतरी गोड’.

म्हणून मी तीन गोष्टी विचारतो : मूळ माणसाचं नाव आहे का, त्याला वाटा मिळाला का आणि गाणं कुठल्या प्रसंगाचं आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर कितीही बदल करा, मला आक्षेप नाही.

‘वर्ल्ड म्युझिक’ ही कुठली शैली आहे?

शैली नाही, दुकानातला कप्पा आहे. १९८७ मध्ये लंडनमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी एकत्र बसून हे नाव विक्रीच्या सोयीसाठी ठरवलं, कारण या तबकड्या कुठे ठेवायच्या हे दुकानदारांना कळत नव्हतं. त्यातून अनेक कलाकारांना श्रोते मिळाले, हे मान्य. पण मालीचं कोरा हे तंतुवाद्य, पाकिस्तानची कव्वाली आणि बल्गेरियाचं स्त्रियांचं समूहगान यांना एकत्र बांधणारं त्यात काहीच नाही. ग्रॅमीनेही २०२० मध्ये आपल्या पुरस्काराच्या नावातून हे शब्द काढले.

फ्यूजन बऱ्याचदा वरवरचं का वाटतं?

बहुतेक वेळा दोन बाजूंनी आपापलं ठरलेलं वाजवून मध्ये फक्त एकमेकांना जागा दिलेली असते म्हणून. सतार आलाप करते, ड्रम सुरू होतात, मग सवाल-जवाब, मग तिहाई आणि टाळ्या. कुणीही कुणासाठी बदललेलं नसतं.

खरी अडचण व्याकरणात आहे. राग एका षड्जावर उभा असतो, त्याखाली तानपुरा अखंड चालू असतो आणि प्रत्येक स्वराचा अर्थ त्या षड्जाशी असलेल्या नात्यातून येतो. पाश्चात्त्य हार्मनीत कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गट, बदलली की पायाच हलतो. तोच गंधार एका कॉर्डवर विसावा वाटतो, दुसरीवर अधांतरी. मारव्याखाली सरसकट कॉर्ड बदलत गेलात, तर ज्या अस्वस्थतेसाठी मारवा आहे ती नाहीशी होते. षड्ज टाळत राहण्याची त्याची सगळी गंमत कॉर्ड फुकट घालवते.

जमलेल्या प्रयोगांत कुणीतरी या प्रश्नाशी झगडलेलं दिसतं. १९७० च्या दशकातल्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदात गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी कॉर्ड जवळजवळ बाजूला ठेवल्या. ते वीणा शिकले, पट्ट्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेली आणि तरफांच्या तारा असलेली गिटार त्यांनी बनवून घेतली, म्हणजे तार खेचून गमक काढता येईल. समोर एल. शंकर यांचं व्हायोलिन, तबल्यावर उत्तरेचे झाकिर हुसेन आणि घटमवर दक्षिणेचे विक्कू विनायकराम. पाश्चात्त्य वादक तिथे पाहुणा म्हणून आला नव्हता, विद्यार्थी होऊन आला होता. इथिओपियाचे मुलातू अस्तात्के दुसऱ्या बाजूने आले. बॉस्टनमध्ये जॅझ शिकलेल्या या वादकाने आपल्या देशाच्या पंचस्वरी सुरावटींचा चेहरा पुसला जाणार नाही अशा बेताने हार्मनी आणि लॅटिन ताल त्याखाली मांडले.

वाद्य, ठेका, चाल यांतलं काहीच न घेता प्रभाव पडू शकतो?

हो, आणि कधीकधी तो सर्वांत खोल असतो. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार क्लोद देब्यूसी यांनी जावा बेटाचं गामेलान ऐकलं. काशाच्या घंटा, तबकं आणि पट्ट्यांचा तो वाद्यमेळ. खाली मोठी गाँग क्वचित वाजते, तिच्या वर मध्यम गतीची सुरावट आणि सगळ्यात वर झरझर चालणारी नक्षी. सगळे थर एकाच सुरावटीशी बांधलेले, पण गती वेगळी. १९०३ च्या ‘पागोद’ या पियानोरचनेत त्यांनी नेमकी हीच मांडणी आणली. पियानोचं ट्यूनिंग पियानोचंच राहिलं, जावाची कुठलीही चाल उचललेली नाही. घेतली ती वेळेची जाणीव. संगीताने पुढे पुढेच जायला हवं असं नाही, ते एका जागी झळाळत राहू शकतं, हे त्यांना तिथे सापडलं.

संगणकामुळे आता सगळं संगीत सारखंच होणार का?

भीती अनाठायी नाही. संगीताचं सॉफ्टवेअर उघडलं की समोर चार-चारचे ठोके आणि समान अंतराचे बारा स्वर तयार असतात. त्यापासून दूर जायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. मात्र हा पेच संगणकाबरोबर आलेला नाही. १९३२ मध्ये कैरोत अरब संगीताची मोठी परिषद भरली, बार्तोक आणि हिंडेमिथ हे युरोपियन संगीतकारही गेले होते. पियानोसारखी वाद्यं अरब संगीतात घ्यावीत का, मधल्या सूक्ष्म स्वरांचं काय करायचं, यावर तिथे मतभेद झाले. पुढे अरब वादकांनी आपले मधले स्वर देणारे अकॉर्डियन आणि कीबोर्ड वापरात आणले. यंत्राला वाकवता येतं, फक्त कुणीतरी तसा आग्रह धरावा लागतो.

मोठ्या शैलींच्या रेट्यात छोट्या परंपरा पुसल्या जातात का?

जातात. चाल सहसा टिकते, कारण ती उचलून कुठेही नेता येते. पुसला जातो तो प्रसंग. पेरणीचं, दळणाचं, शोकाचं गाणं मंचावर आलं की पाच मिनिटांचं होतं, सुरुवात-शेवट ठरतो, समोरचे लोक गाण्याऐवजी ऐकू लागतात. ते वाईटच असं नाही. पण मूळ ठिकाणी ते गाणारी चार माणसं उरली आहेत का, हे बघणं मंचावर टाळ्या वाजवण्याइतकंच गरजेचं आहे.

मला स्वतः दोन शैली जोडून काही करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

दुसऱ्या शैलीतल्या एका माणसाकडे बसा. वर्षभर नुसतं त्याचं संगीत त्याच्याच पद्धतीने शिका, आपलं काही मिसळू नका. रेकॉर्डिंगवरून शिकलेलं नाद देतं, चूक दाखवणारा माणूस व्याकरण देतो. ठेका आधी हाताने आणि पायाने बसवा, वाद्य नंतर घ्या. तुमचा षड्ज आणि त्यांचा पाया एकच आहे का, ते बघा. कॉर्ड घ्यायच्याच असतील तर कमी घ्या, आणि रागाचे वर्ज्य स्वर त्यांतही वर्ज्य ठेवून पाहा. दोघांपैकी कोण कुठे बदलणार, हे तालमीत उघडपणे बोला.

ध्वनिमुद्रणाच्या आधी कागद करा. चाल कुणाची, शब्द कुणाचे, वाटा किती आणि पारंपरिक असेल तर कुठल्या समाजाची, कुणाकडून शिकलात, हे त्यात लिहा. ‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव गाण्याच्या माहितीत तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असू द्या.